गंजीतली सळई

आंबिवली,
१२ ऑगस्ट १९५३

आनंदा,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे काही लिहीत नाही. चार वर्षं तू कुठे आहेस हे कुणाला कळू दिलं नाहीस, त्याचा राग आधी लिहिते आणि मग बाकीचं.

सखुबाई परवा माठाच्या भाजीची पाटी घेऊन ठाण्याला गेली होती. टेंभी नाक्यावर पाटी खाली ठेवून घाम पुसते तोच एका घोड्यानं तिच्या माठात तोंड घातलं. ती शिव्या द्यायला वळली तर लगाम तुझ्या हातात. तू तिला ओळखलंस आणि मान फिरवलीस म्हणे. अरे, मान फिरवून सखुबाई सुटते होय? तिनं शेजारच्या टांगेवाल्याकडून तुझ्या तबेल्याचा पत्ता काढला, पदराच्या गाठीत बांधावा तसा डोक्यात बांधून आणला आणि माझ्यापुढे ओतला. माठाची जुडी गेली ती गेलीच, असंही तिनं दोनदा सांगितलं.

बाबांना हे पत्र माहीत नाही. त्यांच्यापुढे तुझं नाव निघत नाही. कुणी चुकून काढलं तर ते उठून गोठ्यात जातात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गवताची गंजी पेटली, तू तिच्याच सावलीत झोपलेला सापडलास, खिशात बिडीचं बंडल निघालं, आणि बाबांनी सगळ्या गड्यांसमोर तुझ्या पाठीत बैलाची काठी घातली. "तोंड दाखवू नको" म्हणाले आणि तू खरंच दाखवलं नाहीस. हे तुला सांगायची गरज नाही, पण गाव अजून सांगतं. "आनंदाची बिडी" हा आमच्याकडे आता वाक्प्रचार झाला आहे. कुणाचं काही जळलं, अगदी पिठल्याला लागलं तरी म्हणतात, आनंदाची बिडी पडली वाटतं.

त्या गंजीचं जे झालं ते झालं. त्यावर आज लिहीत नाही.

माझं सांगते. टेकडीखालचं बारा एकर कुरण मी बघते. हसू नकोस. वीस गाड्यांची गंजी गेल्यावर बाबांचं मनच उडालं त्यावरून. "जाळून टाका, चरू द्या, काय पायजे ते करा" म्हणाले. मी म्हटलं, मी करते. सासरहून परत आलेली विधवा लेक, तिला बसून खायला घालण्यापेक्षा कुरणात उभी केलेली बरी, असं त्यांनाही वाटलं असेल. पहिल्या वर्षी मी एकच काम केलं, कुरण जाळणं बंद केलं. तुला आठवतं ना, फाल्गुनात सगळे आपापली डोंगरउतरण पेटवायचे, नवा कोंब लवकर येतो म्हणून? येतो खरा, पण कुसळीचा येतो. आगीनं बाकीची गवतं खचतात आणि कुसळी फोफावते. मग दिवाळीला तिची ती भाल्यासारखी कुसळं बायकांच्या लुगड्यात आणि गुरांच्या जिभेत. मी तीन पावसाळे कुसळीला फुलावर येऊ दिलं नाही, येईल तशी छाटली. ओढ्याकाठून मारवेलीचे ठोंब आणून मोकळ्या जागी लावले. वरच्या मुरमाड अंगाला पवना गवत आपलं आपण परत आलं. आता आषाढ लागला की एक शेळीसुद्धा आत जात नाही. धाकूची शेळी गेली होती, ती मी कोंडून ठेवली आणि धाकू चार दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आपला सख्खा चुलता असून.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणार आहे, हे समजून अस.

तुझी बाय,
मालन


आंबिवली,
२१ सप्टेंबर १९५३

आनंदा,

पत्राला उत्तर नाही, पण सखुबाईबरोबर निरोप पाठवलास. "बायला सांग, घोडी खात नाय." पाच शब्द. चार वर्षांत पाच शब्द म्हणजे फारच उधळेपणा झाला तुझा.

तर तुझी ती मैना. सखुबाई म्हणते, तिच्या हिरड्या सुजल्यात, जबड्याला हात लावू देत नाही. तू तिला बाजारातलं कार्तिकातलं गवत घालतोस ना? तिचा ओठ वर करून उजेडात बघ. हिरडीत काळी टोकं दिसतील. चिमट्यानं एकेक काढ आणि मिठाच्या पाण्यानं धू. ती कुसळीच आहे. आम्ही ती मुंबईच्या तबेल्यांना वर्षानुवर्षं पाठवली आणि तिकडच्या जनावरांनी ती मुकाट्यानं खाल्ली. जनावर तक्रार करीत नाही म्हणून आपण गवत वाईट कापत राहिलो.

हे पत्र घेऊन सखुबाई येईल तेव्हा तिच्याबरोबर दोन भारे गवत आहे. गाडीत तिला त्यावरून कुणी बोललं तर ती बघून घेईल. हे भारे पहिल्या कापणीचे, पवना आणि मारवेल मिसळ. मैनेपुढे टाक आणि बाजूला उभा राहा, पढवू नकोस तिला.

इथे मात्र माझी आणि बाबांची रोज जुंपते. ते म्हणतात, आधी भात, मग गवत. भात कापून, झोडून, कणगीत पडलं की माणसं मोकळी होतात, ऊन कडक असतं, पावसाची भीती नसते, तेव्हा कार्तिकात गवताला हात घालायचा. त्यांच्या बापानं असंच केलं आणि त्यांच्या आज्यानंही. मी म्हणते, तोवर गवतात उरतं काय? बी झडून गेलेलं, दांडा काडीसारखा, वर कुसळ. फुलोरा आला रे आला की कापायचं, तेव्हा त्यात रस असतो. परवा मी फुलोऱ्याची एक मूठ आणि धाकूकाकाच्या गेल्या कार्तिकातल्या गंजीतली एक मूठ आपल्या ढवळ्यापुढे धरली. त्यानं जुन्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबा म्हणाले, "बैलाला काय, त्यो नवा दिसंल ते खातो. बापाला शिकवाला लागलीस?"

मी म्हटलं, "बाबा, पिवळं पडलेलं तुम्ही तरी खाल का?"

"म्या काय बैल हाय?"

ह्यावर बायजा इतकी हसली की तिच्या हातातला विळा पडला. बायजा म्हणजे धाकूकाकाची सून, तू गेल्यावर आली ती. ती आणि आणखी सात जणी माझ्याबरोबर कापायला येतात. पुरुष माणूस मिळत नाही. निम्मे भातात आणि निम्मे मोहन्याकडे कारखान्याच्या बांधकामावर. मग आम्ही ठरवलं, आज तुम्ही माझ्या गवतात, भात तयार झालं की मी आणि बाबांची बैलजोडी तुमच्या भातात. मुठीखाली चार बोटं खुंट ठेवून कापायचं, जमीन खरवडायची नाही. पहिल्या वर्षी ह्या बायका मला वेडी म्हणायच्या. आता खुंट छोटा राहिला तर एकमेकींना ओरडतात.

हे सगळं मी कुठे शिकले, तुला माहीत आहे. त्या वर्षी तू कल्याणला शेतकी प्रदर्शनातून मला छोटं हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणून दिलंस. "बाय, तू मामाकडे राहून सहावी शिकलीस, त्याचा घराला कायतरी उपयोग कर" म्हणालास. ते अजून आहे. त्यातलं सगळं मी पाळते. आता सगळं पाळते.

घोडीचं कळव.

बाय


आंबिवली,
५ ऑक्टोबर १९५३

आनंदा,

सखुबाई सांगत होती, भारा सोडल्यावर मैनेच्या आधी तूच त्यात नाक खुपसलंस. मग विचारलंस, "बायनं वाळवला?" आणि म्हणालास, "नीट वाळवलाय."

तू हे नुसतं म्हणालास की मुद्दाम म्हणालास, ह्याचा विचार करत मी तीन दिवस काढले. आज तो विचार सोडला आणि लिहायला बसले. काल जे झालं त्यानं मला बसवलं.

काल दुपारी वरच्या अंगाचं गवत दोन उन्हं खाऊन पडलं होतं. आणखी एक ऊन हवं होतं. नदीपलीकडून आभाळ काळं चढत आलं. बायका धावत आल्या, "मालनबाय, गोळा करू, गंजी लावू, भिजंल!" सगळ्यांच्या हातात गवत, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी एक काडी उचलली आणि नखानं खरवडली. ओल लागली. मी म्हटलं, "राहू दे. भिजू दे." बायजाला वाटलं मी चेष्टा करते. पाऊस तासभर कोसळला. तीन गाड्या गवत काळं पडणार, आणि मी त्याच्यामध्ये उभी राहून भिजत होते. मला इतकं बरं वाटलं, आनंदा, की रडूच आलं.

कारण चार वर्षांपूर्वी मी हेच आभाळ बघितलं होतं आणि उलटं केलं होतं.

आता ऐक. मधे थांबून शिव्या देऊ नकोस, शेवटी दे.

त्या वर्षी लवकर कापायचा हट्ट माझा. बाबा नको म्हणत होते, तू माझ्या बाजूनं भांडलास. "एक साल बायचं ऐकून बघू" म्हणालास म्हणून बाबा कबूल झाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ढग आले. गवत एक ऊन खाल्लेलं, अजून हिरवं. पुस्तकात लिहिलं होतं, दांडा नखानं खरवडा, ओल लागली तर गंजी लावू नका. मी खरवडला. ओल लागली. ती मी लुगड्याला पुसली आणि गड्यांना म्हटलं, लावा. भिजलं तर बाबा जन्मभर बोलून दाखवतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपल्याला पेंढा रचायची सवय, तशीच ती रचली. वर सहा माणसं नाचवून घट्ट तुडवली, ताडाचे झाप घालून गच्च झाकली. कार्तिकातलं वाळून खडखडीत झालेलं गवत असं तुडवलं तर त्याला काही होत नाही. म्हणून आपल्या गावात कुणाला माहीतच नव्हतं की हिरवं गवत असं दाबलं तर ते आतून तापतं. पुस्तकात ते पुढच्याच पानावर होतं. ओली गंजी आतून तापून तीन आठवड्यांत पेट घेऊ शकते, असं स्पष्ट छापलं होतं. गंजी लावून झाल्यावर मी ते पान वाचलं आणि वाटलं, ही भीती घालायची रीत असेल.

मग त्या गंजीला वास यायला लागला, काकवी कढत असल्यासारखा. येणारे-जाणारे म्हणायचे, मालनचं गवत किती गोड आहे. मध्यभागी गंजी खचली होती, ते मी बघितलं. भाऊबीजेच्या सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा मी गंजीत कोपरापर्यंत हात घातला. हात भाजला, आनंदा. मी तो काढला, पदरात गुंडाळला, आणि त्याच हातानं तुला ओवाळलं. तू विचारलंस, बाय, हात लाल का? मी म्हटलं, तव्याला लागला.

सांगायचं होतं. पण आदल्याच दिवशी बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "ह्या पोरीना औंदा गवत राखला." माझा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या वर्षात माझ्याबद्दल कुणी बरं बोललेलं ते पहिलं वाक्य. मला ते आणखी एक दिवस हवं होतं. उद्या गंजी उघडू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेटली.

बाबांनी काठी उचलली तेव्हा मी हंडा घेऊन उभी होते. सगळं तोंडात आलं होतं. मी आगीवर पाणी ओतत राहिले. विहिरीवर जायची, भरायची, ओतायची. तू वेशीबाहेर जाईपर्यंत मी पाणीच ओतत होते.

आता दे शिव्या.

मालन


आंबिवली,
१६ ऑक्टोबर १९५३

आनंदा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं वाचून मग दिलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. कळू दे.

"माझी पाठ त्या दिवशी गंजीला टेकलेली होती, बाय. भाकरी ठेवलेल्या चुलीला टेकावं तशी ऊब होती. मला तेव्हाच कळलं. बाबांना काही सांगू नको. कुरण हातचं जाईल तुझ्या. मी टांग्यावर बरा आहे."

मी हे इतक्या वेळा वाचलं की शाई बोटाला लागली. मूर्खा, अरे मूर्खा! तुला माहीत होतं? काठी पाठीवर पडत असताना माहीत होतं? आणि तू मला वाचवायला गप्प बसलास आणि मी मला वाचवायला गप्प बसले, आणि आपण दोघांनी मिळून बाबांना चार वर्षं पोराविना ठेवलं. तुझा मला इतका राग आलाय की तू समोर असतास तर मी तुला पहिल्यांदा मारलं असतं आणि मग पाया पडले असते, धाकटा असलास तरी.

तू म्हणतोस, सांगू नको. तुझं हे ऐकणार नाही. तू गप्प बसून बघितलंस, मी गप्प बसून बघितलं, त्यानं काय भलं झालं? कुरण जाईल तर जाईल. सहावी शिकलेय, हात धड आहेत. कुणाच्या तरी गवतात मजुरीला उभी राहीन आणि खुंट चार बोटं ठेवीन.

पण नुसतं सांगून उपयोग नाही. मागे एकदा मी चाचपून बघितलं होतं. सहज म्हणून म्हटलं, बाबा, ओलं गवत आपलं आपण पेटतं म्हणतात. ते म्हणाले, "गंजी आपली आपन पेटते? भूत हाय का तिच्यान? तुझ्या भावाची कड घेतेस तू." त्यांना शब्द पटणार नाहीत. त्यांना हातानं पटतं.

म्हणून मी एक गंजी लावली. ओढ्याकाठची पट्टी, मारवेल, हिरवीगार, सकाळच्या दवासकट कापली आणि तशीच रचली. चार गाड्या. बायका म्हणाल्या, मालनबाय, हे काय, तूच तर नको म्हणतेस! मी म्हटलं, तुडवा, आणखी तुडवा. मोकळ्या शेतात आहे, घरापासून लांब, गोठ्यापासून लांब, सगळीकडून नांगरून घेतलंय, पाण्याची दोन पिंपं भरून ठेवलीत. मधोमध सहदेव लोहाराकडून आणलेली लांब सळई खुपसली आहे, टोक बाहेर. चांगलं गवत मी जाणूनबुजून वाया घालवते आहे, हे लिहितानाही जिवावर येतं. पण त्यापेक्षा महाग गोष्ट आपण आधीच जाळली आहे.

बाबांना एवढंच सांगितलं, "बाबा, पंधरा दिवसांनी मला तुम्हाला ह्या गंजीपाशी काहीतरी दाखवायचंय. तोवर हिच्याजवळ कुणी बिडी घेऊन जाता कामा नये. तुम्हीच बघा."  त्यांनी घोंगडी उचलली आणि शेताच्या बांधावर जाऊन बसले. तेव्हापासून दिवसभर तिथेच असतात. धाकूकाका तंबाखू चोळत गेला तर त्यालाही हाकललं. तंबाखूला आग लागत नाही, काका म्हणाला. "मना ठाव हाय," बाबा म्हणाले, "तरी तिकरं जा."

आता कुणी आत विस्तव आणला असं त्यांना म्हणता येणार नाही. राखणदार तेच आहेत.

बाय


आंबिवली,
४ नोव्हेंबर १९५३

आनंदा,

झालं. सगळं क्रमानं लिहिते, कारण तुला काही चुकलेलं मला चालणार नाही.

आठव्या दिवशी वास सुटला, तोच काकवीचा. बाबांनी नाक वर केलं. त्यांना तो वास ओळखीचा वाटला हे मी बघितलं. अकराव्या दिवशी मधे खळगा पडला. ते तीनदा गंजीभोवती फिरले. चौदाव्या दिवशी, मागच्या मंगळवारी सकाळी, मी धाकूकाकाला आणि त्या दिवशी हजर असलेल्या पाच गड्यांना बोलावलं. ज्यांच्यासमोर तुला मारलं त्यांच्यासमोरच हे व्हायला हवं होतं.

मी म्हटलं, "बाबा, सळई काढा."

त्यांनी ओढली. दोन हात सळई बाहेर आली आणि त्यांनी आतलं टोक उजव्या तळहातात धरलं. तुला आपल्या बाबांचा हात माहीत आहे, चुलीतला निखारा उचलून चिलमीत टाकतात तो. त्यांनी सळई सोडली नाही. कातडीचा वास आला तेव्हा बायजानं ओरडून ती त्यांच्या हातातून पाडली.

 गंजीत जिथून सळई निघाली तिथून वाफ येत होती.

मग बाबा खूप हळू म्हणाले, "मंजे, तो नुस्ता झोपलेला व्हता?"

मी म्हटलं, "हो."

"झोपलेल्या पोराला मारला मी?"

मी मधे पडले नाही. मला त्यांना सावरायचं होतं, पण ते वाक्य त्यांचं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आनं तुना म्हाईत व्हता."

"व्हता," मी म्हटलं. "भाऊबीजेच्या सकालीच म्हाईत व्हता. हात घालून बघितला व्हता." आणि सगळ्या गड्यांसमोर उरलेलं सगळं सांगितलं, नखाची ओल, लुगड्याला पुसलेली, पुढचं पान, तवा, हंडा. तू कार्डात लिहिलेलंही सांगितलं. तुझ्या पाठीला ऊब लागली होती हे ऐकल्यावर ते बांधावर खाली बसले.

मला वाटलं, आता काठी. ती मी खाल्ली असती. पण ते उठले, माझ्या कमरेचा विळा काढून घेतला आणि घरी चालू लागले. मी मागून गेले. त्यांनी पाटावर उभं राहून विळा आढ्याच्या खिळ्याला टांगला, पार वर. म्हणाले, "आनंदा येवं दे. त्यो सांगंल तं खाली काढीन. त्यो नाय म्हनला तं तिथंच गंजू दे."

तर आनंदा, कुरणावर मी राहायचं की नाही, हे आता तुझ्या हातात आहे. मी तुला दया कर म्हणून लिहीत नाही. तुला योग्य वाटेल ते ठरव आणि इथे येऊन, तोंडावर सांग. कार्डावर लिहिलेलं मी मानणार नाही.

गावाचंही कळव म्हणशील. ते पाच गडी संध्याकाळपर्यंत सगळीकडे सांगून आले. काल बायजाच्या सासूचं दूध उतू जाऊन करपलं. सवयीनं तिनं "आनंदाची" एवढं म्हटलं आणि जीभ चावली.

ती गंजी आम्ही दुसऱ्या दिवशी पाणी मारत मारत फोडली. आतलं गवत तपकिरी, तंबाखूसारखं. मधल्या भागात मुठीएवढं काळंठिक्कर, हात लावला की भुगा. बाबांनी तो भुगा उचलून कागदात बांधून ठेवला आहे. कशाला, ते विचारायची माझी छाती नाही. बाकीच्या कुरणाचं गवत, जे तीन उन्हं खाऊन नखाला कोरडं लागलं होतं, त्याच्या गासड्या बांधून रेल्वेनं गेल्या. एका पट्टीचं गवत मी विकू दिलं नाही. वरच्या अंगाचा पवना, पाच भारे, सुकवून ओट्यावर ठेवलाय. तो मैनेसाठी. तिला तबेल्यात ठेवून येणार असशील तर चार दिवसांची तजवीज करून ये.

रविवारी भाऊबीज आहे. हात बरा आहे माझा. ह्या वेळी तव्याला लागलेला नाही.

बाबा मात्र तुला लिही म्हणाले नाहीत. तुझं नाव घेतात आता, पण गोठ्यात जाऊन, ढवळ्यापाशी. तळहाताला फडकं बांधलंय, ते बदलू देत नाहीत. आणि गेला आठवडाभर रोज दुपारी स्वच्छ धोतर नेसून स्टेशनवर जातात. कल्याणकडून गाडी आली की शेवटच्या डब्यापर्यंत चालत जातात, गाडी सुटली की परत येतात. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणतात, गासड्या चढल्या का बघाला. गासड्या शुक्रवारीच गेल्या, आनंदा.

तुझी,
बाय